चार दावेदार, एक तख्त : अहमदनगरचा वारसातंटा वर्गात मांडताना

आपल्या शाळेच्या इतिहास मंडळात गेली तीन वर्षे आम्ही एक खेळ खेळतो. त्यात फासे नाहीत, सोंगट्या नाहीत, हारजीतही सरळ नाही. सात गट करून मुले सात कोपऱ्यांत बसतात, एकमेकांकडे वकील धाडतात, चिठ्ठ्या लिहितात, करार करतात आणि पुष्कळदा मोडतातही. खेळाचा विषय इ. स. १५९५-९६ मधील अहमदनगरच्या निजामशाहीचा वारसातंटा. काही पालकांनी शिक्षक-पालक सभेत या खेळाविषयी विचारणा केली होती. इतिहासाच्या तासाला खेळ कशासाठी, आणि त्यासाठी हाच दुर्दैवी प्रसंग का निवडला, असे त्यांचे म्हणणे होते. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यावयाचे तर आधी तो इतिहासच नीट सांगितला पाहिजे. शालेय पुस्तकांतून चांदबीबीच्या वाट्याला दोन-चार ओळींपेक्षा अधिक जागा येत नाही, आणि त्या दोन-चार ओळींत तंटा येत नाही, फक्त तलवार येते.

अहमदनगर शहर १४९४ साली मलिक अहमद निजामशहाने वसविले. (२०२४ पासून शहराचे अधिकृत नाव अहिल्यानगर आहे, इतिहासातील संदर्भ म्हणून येथे जुनेच नाव वापरले आहे.) शंभर वर्षांत या राज्याने पुष्कळ वैभव पाहिले. हुसेन निजामशहाने मातीच्या कोटाच्या जागी आजचा दगडी भुईकोट उभा केला. त्याचा मुलगा मुर्तझा याने १५७४ साली वऱ्हाडची इमादशाही जिंकून आपल्या राज्याला जोडली. निजामशाहीचा तो सर्वांत मोठा विस्तार होय. पण त्याच मुर्तझाचा १५८८ साली त्याच्या स्वतःच्या मुलाने जीव घेतला, आणि तेथून तख्ताची जी घसरण सुरू झाली ती थांबली नाही. मुलगा मिरान हुसेन वर्षभरातच मारला गेला. मग त्याचा चुलतभाऊ इस्माईल तख्तावर आला. त्याला १५९१ मध्ये त्याच्या बापानेच, म्हणजे बुऱ्हाणने, दूर केले. बुऱ्हाण १५९५ च्या वसंतात वारला. त्याचा दुसरा मुलगा इब्राहिम तख्तावर बसला तो जेमतेम चार महिने. विजापूरच्या फौजेशी लढताना तो रणात पडला. सात वर्षांत पाच सुलतान! मुलांना ही वंशावळ फळ्यावर काढून दाखविली की ती प्रथम हसतात आणि मग गप्प होतात.

यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. मालमत्तेच्या वाटणीसाठी आपल्याकडे स्पष्ट कायदा आहे. बापाच्या शेतात मुलाचा, मुलीचा, विधवेचा हिस्सा किती, हे ठरलेले आहे. राज्याला मात्र असा कायदा नव्हता. थोरला मुलगाच गादीवर बसावा असा नियम दख्खनेत पाळला जात नव्हता, आणि दिल्ली-आग्ऱ्यातही नव्हता. राजरक्त हवे एवढे सर्वांना मान्य. त्यापुढे अमीर-उमराव ज्याला मुजरा करतील तो सुलतान. अमीरही एका गटाचे नव्हते. येथेच पिढ्यान्‌पिढ्या रुजलेले दख्खनी, इराण-तुराणातून आलेले परदेशी, आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून येऊन स्वतःच्या पराक्रमाने सरदार झालेले हबशी असे तीन मोठे गट होते. १५८९ च्या दंग्यांत परदेशी गटाची भयंकर कत्तल झाली होती. त्यामुळे १५९५ मध्ये मैदानात उरले ते मुख्यतः दख्खनी आणि हबशी.

इब्राहिम पडला त्या दिवसापासून आमचा खेळ सुरू होतो.

पहिला गट मियाँ मंजूचा. हा दख्खनी गटाचा पुढारी व राज्याचा पेशवा. इब्राहिमचा मुलगा बहादूर हा तान्हा होता. मंजूने त्याला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर बंदोबस्तात ठेवले आणि अहमद नावाच्या बारा वर्षांच्या मुलास ऑगस्ट १५९५ मध्ये तख्तावर बसविले. हा मुलगा हुसेन निजामशहाचा भाऊ मुहम्मद खुदाबंदा याचा नातू असल्याचे सांगण्यात आले. इख्लास खान हा हबशांचा सरदारही आधी या निवडीला राजी होता. पुढे चौकशीत असे दिसू लागले की, अहमदचा बाप शाह ताहिर (सुप्रसिद्ध विद्वान शाह ताहिर ते हे नव्हेत) हा खुदाबंदाचा खरा मुलगाच नव्हता; मुर्तझाच्या काळातही त्याच्या दाव्याबद्दल संशय घेतला गेला होता. झाले, एकी मोडली.

दुसरा गट इख्लास खानाचा. त्याने चावंडच्या किल्लेदाराकडे बहादूरची मागणी केली. मंजूच्या हुकुमाशिवाय मूल देणार नाही, असे किल्लेदाराने कळविले. तेव्हा इख्लास खानाने अहमदनगरच्या बाजारातून मोती नावाचे एक पोर आणले, त्याला राजवंशातले ठरविले आणि त्याच्या नावाने फौज जमविली. मुलांना हा भाग फार चमत्कारिक वाटतो. पण नीट पाहिले तर इख्लास खान काही वेडा नव्हता. तख्तावर कोणाचे तरी नाव असल्याशिवाय शिपायाला पगाराचे आश्वासन देता येत नव्हते आणि जहागिरीची सनदही काढता येत नव्हती. खरे मूल हाती येत नव्हते म्हणून त्याने दुसरे शोधले, इतकेच.

तिसरा गट आहंग खान हबशीचा. हाही हबशीच, पण इख्लास खानाच्या मागे जाणारा नव्हे. त्याने विजापूरच्या हद्दीत आश्रयाला असलेल्या शाह अलीस गाठले. शाह अली हा पहिल्या बुऱ्हाण निजामशहाचा मुलगा, म्हणजे रक्ताने चौघांत सर्वांत जवळचा आणि निःसंशय. अडचण एकच होती. त्याचे वय सत्तरीला आले होते.

चौथा गट चांदबीबीचा. हुसेन निजामशहाची ही मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाची बेगम. १५८० मध्ये तो मारला गेल्यावर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या बाळपणी तिने विजापुरात राज्यकारभाराची धुरा वाहिली, दरबारातील कारस्थाने सोसली आणि पुढे ती माहेरी अहमदनगरला परतली. तिचा दावेदार बहादूर. इब्राहिमचा औरस मुलगा, पण चावंडवर अडकलेला. बाळ तिच्या हाती नव्हते आणि सुरुवातीला किल्लाही नव्हता. तिच्याजवळ होते ते बापाचे नाव आणि विजापूरचे नाते.

याशिवाय खेळात बाहेरचे तीन गट असतात. विजापूर व गोवळकोंडा हे दोन, आणि तिसरा मोगलांचा. मोगलांच्या गटात मी मुद्दाम दोन प्रमुख ठेवले आहेत. एक शहजादा मुराद, अकबराचा मुलगा आणि गुजरातचा सुभेदार. दुसरे खानखानान अब्दुर्रहीम, ज्यांचे दोहे तुम्ही हिंदीच्या पुस्तकात वाचता तेच रहीम. या दोघांचे पटत नव्हते. म्हणून त्या कोपऱ्यात दोन विद्यार्थी एकाच बाकावर बसतात आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय मोगलांचा कोणताही करार पक्का होत नाही. या एका नियमाने जितका इतिहास समजतो तितका माझ्या तासाभराच्या व्याख्यानाने समजत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. त्याच छावणीत खानदेशचा राजा अलीखान याचाही वकील असतो. तो सामील मोगलांकडे, पण मन दख्खनेकडे, अशी त्याची ख्याती. त्याला गुपचूप एक चिठ्ठी किल्ल्यात पाठविण्याची मुभा आहे.

साहित्य अगदी साधे. चिंचोके म्हणजे फौज, कवड्या म्हणजे खजिना आणि शेंगदाणे म्हणजे धान्य. दर फेरीला किल्ल्यातील गटाने ठरावीक शेंगदाणे बाजूला काढून ठेवावयाचे. (ते बाजूला राहत नाहीत, मुले खातात. किल्ल्यातील शिबंदीचे कामच ते आहे, म्हणून मी हरकत घेत नाही.) फेऱ्या सहा. पहिली ऑगस्ट १५९५ ची, शेवटची मार्च १५९६ ची. प्रत्येक गटाला एक बंद पाकीट मिळते. त्यात दोन इच्छा लिहिलेल्या असतात. एक चारचौघांत सांगावयाची, दुसरी मनात ठेवावयाची. मियाँ मंजूची उघड इच्छा, अहमद सुलतान व्हावा. मनातली, पेशवाई सुटू नये. आहंग खानाची उघड इच्छा, शाह अली सुलतान व्हावा; मनातली, मंजूच्या हाताखाली राहण्याची वेळ येऊ नये. या मनातल्या इच्छा त्या त्या माणसाच्या पुढील वागणुकीवरून मी ठरविल्या आहेत. कोणास वेगळे वाटत असेल तर त्याने पुराव्यानिशी वाद घालावा. आठवीच्या एका मुलीने असा वाद घातला आणि इख्लास खानाचे पाकीट मला बदलावयास लावले.

चार दावेदारांसाठी मात्र मी विद्यार्थी नेमत नाही. वर्गाच्या मध्यभागी चार रिकाम्या खुर्च्या ठेवतो आणि त्यांवर नावे चिकटवितो. एक तान्हे मूल, एक बारा वर्षांचा मुलगा, एक बाजारातले पोर आणि एक सत्तर वर्षांचा म्हातारा. सारा तंटा यांच्या नावाने झाला. पण यांतल्या एकालाही कोणी काही विचारल्याचे दिसत नाही. पहिल्या फेरीत मुले त्या खुर्च्यांकडे वळून बोलतात. तिसऱ्या फेरीपर्यंत त्यांच्याकडे कोणी पाहतही नाही.

आता खेळाचा गाभा. इख्लास खानाने मंजूला अहमदनगरच्या किल्ल्यात कोंडले. मंजूने घाबरून गुजरातेत शहजादा मुरादला पत्र लिहिले, की मदतीस यावे. पुढे हबशांतच फूट पडली, मंजूने इख्लास खानाच्या फौजेचा पराभव केला आणि पत्र लिहिल्याचा त्याला पश्चात्ताप झाला. पण मुराद निघाला होता. खेळातील नियम असा आहे की, मंजूला कोणत्याही फेरीत ते पत्र पाठविता येते. एकदा पाठविल्यावर परत मागविता येत नाही. एका वर्षी मंजू झालेल्या विद्यार्थ्याने पत्र पाठविले तेव्हा दुसऱ्या कोपऱ्यातून कोणी तरी मोठ्याने "गद्दार!" म्हणून ओरडले. मी खेळ थांबविला आणि विचारले, "तू त्याच्या जागी किल्ल्यात असतास, बाहेर वेढा असता, तर कोणाला लिहिले असतेस?" तो म्हणाला, "विजापूरला." उत्तर चांगले होते. पण थोड्याच काळापूर्वी विजापूरच्याच फौजेशी लढताना निजामशहा मारला गेला होता, हे त्याच्या ध्यानात नव्हते.

येथे एका प्रचलित समजाविषयी लिहिणे आवश्यक आहे. मंजूने बोलावले नसते तर मोगल दख्खनेत आलेच नसते, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. मला ते पटत नाही. १५९१ मध्येच अकबराने आपले वकील दख्खनेच्या दरबारांत पाठविले होते. कवी फैझी त्या कामगिरीवर खानदेश व अहमदनगरला आला होता. बुऱ्हाण निजामशहा तर स्वतः अकबराच्या दरबारी आश्रयाला राहिलेला. तख्त मिळाल्यावर त्याने मोगलांचे वर्चस्व मानले नाही, याचा राग मोगल दरबारी होताच. मोहिमेची तयारी १५९५ च्या आधीपासून चालू होती. म्हणून खेळात नियम असा ठेवला आहे की पत्र गेले नाही तरी मोगल येतात, फक्त एक फेरी उशिरा. त्या एका फेरीत चार गट एक होऊ शकले तर काय झाले असते, हा खरा प्रश्न आहे. मंजूच्या पत्राने दार उघडले हे खरे. पण घोडे आधीच दाराशी आलेले होते. आपापसांत भांडणाऱ्या घरातील एकाच माणसावर साऱ्या नुकसानीचे खापर फोडणे सोपे असते. चारही गटांनी पाच महिने काय केले ते मग विचारावे लागत नाही.

डिसेंबर १५९५ मध्ये मोगल फौज अहमदनगरपुढे आली. मंजू किल्ला अन्सार खानाच्या स्वाधीन करून अहमदसह औशाकडे मदत मिळविण्यासाठी निघून गेला. चांदबीबीने संधी साधली. अन्सार खान मारला गेला, किल्ला तिच्या हाती आला, आणि चावंडवर असलेल्या बहादूरच्या नावाने तिने द्वाही फिरविली. इख्लास खान दौलताबादच्या बाजूने चालून आला. गोदावरीकाठी मोगलांनी त्याचा मोड केला आणि पैठण लुटले. आहंग खान रात्रीच्या अंधारात शाह अलीला घेऊन मोगलांच्या तळातून मुसंडी मारून निघाला. तो स्वतः थोड्या माणसांनिशी किल्ल्यात शिरला, म्हातारा शाह अली मात्र मागे फिरला. ज्याला तख्तावर बसवावयाचे तोच बाहेर राहिला आणि आहंग खान प्रतिस्पर्धी दावेदाराच्या आत्याआजीबरोबर तटावर लढू लागला! वर्गात हे सांगितले की कोणी तरी हमखास विचारते, मग त्याने शाह अलीचा दावा सोडला का? सोडला नाही. बाजूला ठेवला. हा फरक समजावून सांगण्यास मला खेळाची फार मदत होते.

फेब्रुवारी १५९६ मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग भरले. त्यांच्याच छावणीतील ख्वाजा मुहम्मद खान शिराझी याने किल्ल्यात ही खबर पोहोचविली. आतल्या लोकांनी दोन सुरुंग शोधून निकामी केले; तिसऱ्याचे काम चालू असताना तो उडाला. तटाचा सुमारे पन्नास गज भाग कोसळला. चांदबीबी बुरखा घेऊन, हाती तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. रात्रभरात खिंडार पुन्हा माणूसभर उंचीपर्यंत बांधून काढले गेले. गोळे संपल्यावर तिने तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी तोफेत भरली, ही लोककथा सर्वांना पाठ असते. लोककथा म्हणून ती सुंदर आहे. पण माझ्या मते तिची खरी कर्तबगारी तोफेत नसून त्यानंतरच्या तहात आहे. आत धान्य संपत आले होते. बाहेर मोगलांचीही रसद तुटली होती, मुराद व खानखानान यांचे बिनसले होते, आणि विजापूरचा सुहेल खान मोठी फौज घेऊन येत असल्याची बातमी होती. दोन्ही बाजू थकलेल्या आणि दोन्ही बाजूंना ते लपवावयाचे! नेमक्या त्या घडीला तिने बोलणे लावले. वऱ्हाड मोगलांना द्यावा, मोगलांनी बहादूरला निजामशहा मानावे आणि वेढा उठवावा, असे ठरले. बावीस वर्षांपूर्वी जिंकलेला वऱ्हाड गेला; राजधानी आणि राजवंश वाचला.

खेळातही बहुतेक वेळा वऱ्हाडच जातो. पहिल्या फेरीपासून प्रत्येक गट वऱ्हाड देऊ करतो, कारण तेथे कोणाचाच कोपरा नसतो. गेल्या वर्षी आमच्या ग्रंथपालांनी एक नवी खुर्ची मांडली आणि तिच्यावर 'वऱ्हाडची रयत' असे लिहिले. त्या वर्षी सौदा थोडा महाग झाला.

तह मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहावयाचा असतो, आणि येथे मी फार कडक आहे. नुसते 'वऱ्हाड दिला' असे लिहिले तर पाथरी मी मोगलांना देऊन टाकतो. हे मनाचे नाही. पाथरी पूर्वी इमादशाहीची होती, मग निजामशाहीने घेतलेली. १५९६ च्या तहानंतर मोगलांनी वऱ्हाडाबरोबर तीही बळकावली आणि त्या वादातून पुन्हा युद्ध पेटले. फेब्रुवारी १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठच्या परिसरात सुहेल खानाच्या नेतृत्वाखाली तिन्ही दख्खनी राज्यांच्या फौजा खानखानानशी लढल्या आणि हरल्या. राजा अलीखान मोगलांकडून लढताना तेथेच पडला. पाथरी, सोनपेठ ही गावे आज परभणी जिल्ह्यात आहेत. आपल्या काही विद्यार्थ्यांचे आजोळ तिकडे आहे. एका ओळीत हद्द न लिहिल्याने त्या गावांवरून फौजा गेल्या, हे कळल्यावर मुले तहाचा कागद परत मागून घेतात.

खेळाच्या शेवटी दोन प्रश्न दरवर्षी येतात. पहिला मुलींकडून येतो. चांदबीबी स्वतःच सुलतान का झाली नाही? दिल्लीत रझिया १२३६ ते १२४० तख्तावर होती, हे त्यांना ठाऊक असते. माझे उत्तर असे की, तिला तख्त मागण्याची गरज नव्हती आणि मागून ते टिकले नसते. अमीरांपैकी कोणीही बाईच्या नावाने सनद घेण्यास तयार झाला असता असे दिसत नाही. रझियाचा शेवटही अमीरांनीच केला. बाळाच्या नावाने राज्य करणे हा तिच्या काळात तिला उपलब्ध असलेला मार्ग होता, आणि विजापूरला तिने तो आधी आजमावला होता. हे उत्तर मुलींना पुरते समाधानकारक वाटत नाही. त्यात त्यांची चूक नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड. "सर, यात आपली बाजू कोणती?" मोगल मुसलमान, निजामशाही मुसलमान, विजापूर-गोवळकोंडा मुसलमान, हबशी आणि दख्खनीही मुसलमान. शाळेबाहेर मुलांना इतिहासावरून जे ऐकावे लागते त्यात दोनच बाजू असतात, आणि यांना एका बाजूला आधीच उभे केलेले असते. येथे मात्र सातही कोपऱ्यांत त्यांच्याच नावांची माणसे आहेत, आणि किल्ल्यात तोफा ओढणारे, धान्य भरणारे, तट बांधणारे लोक सर्व जातिधर्मांचे आहेत. मी त्यांना बाजू सांगत नाही. ही हकीकत तीन लेखकांनी लिहिली हे सांगतो. सय्यद अली तबातबा निजामशाहीच्या पदरी होता. फिरिश्ता आधी अहमदनगरला होता, १५८९ मध्ये विजापूरला गेला आणि आदिलशहासाठी त्याने ग्रंथ लिहिला. अबुल फझल अकबराचा. तिघेही मुसलमान, तिघेही फारसीत लिहिणारे, आणि एकच वेढा तिघांना वेगवेगळा दिसतो. मग मुलांना गटागटाने एकेका लेखकाच्या बाजूने अर्धे पान लिहावयास सांगतो. त्या अर्ध्या पानांतून मला प्रत्येक मुलाविषयी जे कळते ते परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतून कळत नाही.

सहलीला गेल्यावर शाह डोंगरावरची तीन मजली इमारत 'चांदबीबीचा महाल' म्हणून दाखविली जाते. ती वास्तविक मुर्तझाचा वजीर सलाबत खान याची कबर होय. तेथून भुईकोट किल्ल्याकडचा प्रदेश दिसतो. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू व त्यांचे सहकारी त्याच किल्ल्यात बंदिवान होते. पण मुले तेथे उभी राहून खिंडार कोणत्या अंगाला पडले असेल याचाच वाद घालतात.

तहानंतरची हकीकत थोडक्यात अशी. मियाँ मंजू व त्याचे मुलगे विजापूरच्या चाकरीत गेले. अहमदला इब्राहिम आदिलशहाने जहागीर दिली आणि तो वादातून बाहेर पडला. बहादूरला चावंडहून आणून तख्तावर बसविले. मग पेशवाईवरून पुन्हा भांडणे लागली. मुहम्मद खान, त्याच्यानंतर आहंग खान. दोघांशीही चांदबीबीचे फाटले. मुराद १५९९ मध्ये वारला. त्याच्या जागी आलेल्या शहजादा दानियालने १६०० साली पुन्हा वेढा घातला. या खेपेस चांदबीबी पुन्हा तहाच्या विचारात होती. ती शत्रूला फितूर आहे अशी आवई किल्ल्यातच उठली आणि आपल्याच माणसांच्या जमावाने तिला ठार केले. चार वर्षांपूर्वी ज्या वाटेने राज्य वाचविले तीच वाट तिच्या जिवावर उठली. ऑगस्टमध्ये किल्ला पडला.

शाह अलीचा दावा मात्र मेला नव्हता. त्याचा मुलगा मुर्तझा याला मलिक अंबरने सुलतान केले आणि पुढे सव्वीस वर्षे मोगलांशी झुंज दिली. १६३३ मध्ये दौलताबाद पडून हुसेन निजामशहा कैद झाला, तेव्हा शहाजी राजांनी राजवंशातील आणखी एका बालकास मुर्तझा नावाने तख्तावर बसविले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे कारभार केला. १६३६ मध्ये माहुलीच्या किल्ल्यावर तेही संपले. यंदा इतिहास मंडळातील नववीची मुले त्या तीन वर्षांचा खेळ तयार करीत आहेत; त्यात एकच खुर्ची ठेवावी की दोन, यावर त्यांचे अजून एकमत झालेले नाही.

१६०० साली अजाण बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले होते. १६३३ मध्ये हुसेनला तेथेच पाठविले, १६३६ मध्ये शहाजींच्या बालकासही. शाहजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानेही याची नोंद केली आहे. एकाच किल्ल्यात, एकाच वेळी, तीन निजामशहा.